कापण्याआधी बसणे शिकवा: जैवतंत्रज्ञान अभ्यासमंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
जैवतंत्रज्ञान अभ्यासमंडळ

विषय: पदवी अभ्यासक्रमातील ‘जीनोम एडिटिंग’ घटकाची फेरमांडणी आणि एका प्रात्यक्षिकाची मागणी

महोदय/महोदया,

स.न.वि.वि.

नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी महाविद्यालयांकडे आला आहे. सोबतच्या नमुन्यात ‘सूचना’ या रकान्याला दोन ओळींची जागा आहे. माझे म्हणणे तेवढ्यात मावत नाही. शिवाय ते इतर महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनीही वाचावे असे वाटते, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. मी सांगली जिल्ह्यात, विट्याला, बायोटेक शिकवते.

माझी हरकत तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या घटकाला आहे. डीएनए ठरावीक जागी कापून जनुके बदलणाऱ्या झिंक फिंगर न्यूक्लिएज, टेलन आणि क्रिस्पर-कॅस९ या तीन प्रथिन-साधनांना मिळून तीन तासिका. तो घटक कसा शिकवला जातो हे आपल्याला ठाऊक आहेच. गाइडमध्ये एक तक्ता असतो: पहिले महाग आणि अवघड, दुसरे बरे पण वेळखाऊ, तिसरे स्वस्त, सोपे, नोबेलवाले. मुले तो तक्ता पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि पैकीच्या पैकी गुण घेतात. मग व्हायवाला विचारावे, ‘बाई गं, ही कात्री कापते ते कळले, पण माणसाच्या डीएनएच्या तीनशेवीस कोटी अक्षरांतून नेमकी जागा तिला सापडते कशी?’ की खोलीत शांतता. हुशार मुलेही इथे अडतात, कारण तो प्रश्न अभ्यासक्रमात कुठेच नाही.

माझ्या मते हा संपूर्ण घटकच उलटा मांडला आहे. कापणे हा या प्रथिनांचा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. खरे काम आहे डीएनएची अक्षरे (ए, टी, जी, सी) ओळखणे, पहिल्या दोघांच्या बाबतीत तर दुहेरी पेड न उलगडता बाहेरूनच, आणि तिथे घट्ट बसणे. एखादे प्रथिन हवे तिथे बसवता आले, की त्याच्या शेपटीला काय जोडायचे ते आपल्या हातात. कापणारा तुकडा जोडा, जनुक चालू करणारा जोडा, बंद करणारा जोडा, नाहीतर चमकणारे प्रथिन जोडून ते जनुक पेशीत कुठे आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. आणि काहीच जोडले नाही तरी चालते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसे ते प्रथिन नुसते जनुकाच्या सुरुवातीला बसून राहिले तरी आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमला तिथे बसता येत नाही. जनुक जागच्या जागी असते, एक अक्षरही बदललेले नसते, आणि तरी ते गप्प असते.

बसणारा भाग आणि काम करणारा भाग वेगळे काढता येतात, ही कल्पना क्रिस्परच्या कितीतरी आधीची आहे. १९८५ मध्ये ब्रेंट आणि टाश्ने यांनी जिवाणूतल्या लेक्स-ए प्रथिनाचा डीएनएवर बसणारा तुकडा घेतला, यीस्टच्या गॅल-४ प्रथिनाला जोडला, आणि ते जोड-प्रथिन लेक्स-एच्या जागेवर बसून यीस्टमधले जनुक चालू करू लागले. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये एरन क्लूग आणि सहकाऱ्यांना बेडकाच्या अंड्यातल्या एका प्रथिनात जस्ताचा अणू धरून ठेवणाऱ्या, साधारण तीस अमिनो आम्लांच्या घड्या एकामागून एक सापडल्या. त्याच झिंक फिंगर, म्हणजे जस्ताची बोटे. दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्त पकडतात, घडी ताठ राहते आणि तिचा मळसूत्रासारखा भाग डीएनएच्या रुंद खाचेत शिरून ढोबळमानाने तीन अक्षरे वाचतो. १९९१ मध्ये पाव्लेटिच आणि पॅबो यांनी उंदराच्या झिफ२६८ या प्रथिनाची डीएनएवर बसलेल्या अवस्थेतली रचना दाखवली, तेव्हा कोणती बोटे कोणत्या अक्षरांना टेकली आहेत हे डोळ्यांनी दिसले. ही रचना प्रोटीन डेटा बँकेत फुकट उपलब्ध आहे. संगणकावर उघडून ती माउसने फिरवायला फक्त इंटरनेट लागते. माणसाच्या जीनोममध्ये अशा बोटांची सातशेहून अधिक जनुके आहेत. म्हणजे ‘जुने तंत्र’ म्हणून आपण जे तक्त्याच्या पहिल्या रकान्यात टाकतो, ते आपल्या प्रत्येक पेशीत या क्षणी काम करते आहे.

इथे गणितही शिकवता येते, आणि मुलांना ते आवडते. तीन बोटे म्हणजे नऊ अक्षरे. चार अक्षरांचे नऊ जागांवर २,६२,१४४ प्रकार होतात. तीनशेवीस कोटींना त्याने भागले, की असा एखादा नऊ अक्षरी शब्द जीनोममध्ये सरासरी बारा हजार ठिकाणी सापडेल. औषध म्हणून ते निरुपयोगी. आता फोक-वन या एन्झाइमचा कापणारा तुकडा घ्या. तो एकटा कापत नाही, त्याला जोडीदार लागतो. १९९६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या श्रीनिवासन चंद्रसेगरन यांच्या गटाने हा तुकडा झिंक फिंगरला जोडला. (हे नाव फळ्यावर लिहिले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.) दोन प्रथिने समोरासमोर बसली तरच जोडी जमते, म्हणजे अठरा अक्षरे जुळावी लागतात. अठरा अक्षरांचे प्रकार सुमारे ६,८७२ कोटी, जीनोमच्या वीसपटीहून जास्त. जागा एकच मिळण्याची शक्यता आता खरी वाटू लागते. प्रत्यक्षात शेजारची बोटे एकमेकांच्या वाचनात ढवळाढवळ करतात, त्यामुळे तीन-तीन अक्षरांचे तयार ठोकळे जोडून प्रत्येक वेळी प्रथिन चालतेच असे नाही. ही अडचणही सांगावी. तक्त्यातला ‘अवघड’ हा शब्द कुठून आला ते तेव्हा कळते.

आता टेल प्रथिनांकडे येते, कारण आमच्या भागासाठी सगळ्यात मोठी गोष्ट इथे आहे आणि नेमकी तीच मसुद्यात एका ओळीत उरकली आहे.

आटपाडी, जत, खानापूर या पट्ट्यातल्या मुलाला ‘झान्थोमोनास’ म्हटले तर तो गोंधळतो, पण ‘तेल्या’ म्हटले की त्याला डाळिंबाची बाग आठवते. पानावर, फळावर तेलकट डाग, मग फळ तडकते आणि बहार हातचा जातो. पावसाच्या शिंतोड्यांनी आणि छाटणीच्या कात्रीने तो झाडाझाडांतून पसरतो, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. तेल्याचा जिवाणू झान्थोमोनास कुळातला. शिराळ्यात आणि पाटणला भातावर कडा करपा येतो तोही त्याच कुळातला, आणि ढोबळ्या मिरचीवर डाग पाडणारा त्यांचा भाऊबंदही. या कुळातल्या भात आणि मिरचीवरच्या जातींचा अभ्यास करताना एक चकित करणारी गोष्ट दिसली होती: हा जिवाणू सुईसारख्या नळीतून स्वतःचे प्रथिन झाडाच्या पेशीत सोडतो, ते प्रथिन थेट केंद्रकात जाते, झाडाच्या डीएनएवर ठरलेल्या जागी बसते आणि झाडाचेच जनुक चालू करते. कडा करप्यात चालू होणारी जनुके साखर पेशीबाहेर सोडणारी असतात. झाड आपल्या हाताने चोराला जेवण वाढते.

ते प्रथिन, म्हणजेच टेल, जागा कशी ओळखते, याचा उलगडा २००९ मध्ये एकाच वेळी दोन गटांनी केला: जर्मनीत हाले इथे उला बोनास यांच्या गटाने आणि अमेरिकेत मॅथ्यू मॉस्को आणि अ‍ॅडम बोग्दानोव यांनी. प्रथिनाच्या मध्यभागी साधारण ३४ अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो. सगळे तुकडे जवळपास सारखे, फरक मुख्यतः बाराव्या आणि तेराव्या जागी. त्या दोन जागांवरच्या अमिनो आम्लांची खूण एनआय असेल तर डीएनएचे ए, एचडी असेल तर सी, एनजी असेल तर टी, एनएन असेल तर बहुधा जी. एक तुकडा, एक अक्षर. झिंक फिंगरसारखी शेजाऱ्यांची भानगड इथे फार कमी. हवा तो शब्द घ्यायचा, तुकडे त्या क्रमाने लावायचे, की प्रथिन तयार. पुढच्या दोनच वर्षांत यालाही फोक-वन जोडून टेलन बनले, आणि २०१५ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या एका तान्ह्या मुलीला टेलनने बदललेल्या, दात्याच्या टी-पेशी देण्यात आल्या. बाकी सगळे उपचार थकले होते. मुलीचा आजार हटला.

पिकावरच्या रोगाच्या जिवाणूने लाखो वर्षांत घडवलेले हत्यार लंडनमधल्या बाळाच्या उपचारात आले. ही गोष्ट डाळिंबाच्या तालुक्यात शिकवताना त्यात तेल्याचा उल्लेखही नसावा? बाहेरून एखादे उदाहरण आणून चिकटवायला मी सांगत नाही. उदाहरण इथल्या बांधावर आहे आणि विषयाच्या पोटातले आहे. तेल्याचे डाग असलेले पान कापून त्याची कड पाण्याच्या थेंबात ठेवली, तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंचा लोट बाहेर वाहताना दिसतो. स्लाइड, कव्हरस्लिप आणि ब्लेड, एवढेच साहित्य. जिवाणू वाढवायची गरज नाही, आणि तपासून झाल्यावर पाने ऑटोक्लेव्ह करून टाकायची. त्यानंतरच्या तासाला मुलांना एक अठरा अक्षरी शब्द देऊन त्यासाठी टेल लिहायला सांगा. कागद-पेन्सिलीचे काम आहे, आणि शब्दाच्या आधी टी असावा लागतो हा खाचखळगा जाणणारी मुले लगेच वेगळी दिसतात.

तक्त्याच्या तिसऱ्या रकान्याबद्दलही, म्हणजे क्रिस्पर-कॅस९बद्दल, थोडे. २०१२ मध्ये डाउडना आणि शार्पंटिए यांनी दाखवलेल्या पद्धतीत जागा ओळखण्याचे काम आरएनएकडे गेले, त्यामुळे दरवेळी नवे प्रथिन घडवायची कटकट संपली, २०२० चे नोबेल मिळाले, हे सगळे खरे. पण पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, कॅस९ची कापण्याची दोन्ही ठिकाणे मुद्दाम निकामी करून नुसते बसणारे कॅस९ तयार झाले. आज प्रयोगशाळांत कोणते जनुक काय करते हे शोधण्यासाठी त्याचा सर्रास वापर होतो. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध कात्रीची पाती बोथट करून ती वापरावी लागली, यावरून बसण्याचे महत्त्व कळावे.

आणि मिरजेला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला नेल्या जाणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांचा विचार करा. त्यांच्या नात्यातली एखादी मुलगी आमच्या वर्गात असते, आणि घरचे तिला विचारतात, ‘आता जीन बदलून बरे करतात म्हणे?’ तिला उत्तर देता आले पाहिजे. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने मान्य केलेले कॅसजेव्ही हे सिकलसेल आणि थॅलेसेमियावरचे पहिले क्रिस्पर औषध. त्यात बिघडलेले हिमोग्लोबिनचे जनुक दुरुस्त करत नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक नसते. बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन चालते, ते जन्मानंतर बीसीएल११ए नावाचे प्रथिन बंद करते. बीसीएल११ए स्वतः झिंक फिंगर प्रथिन आहे आणि डीएनएवर बसूनच ते काम करते. त्याचे उत्पादन रक्तपेशींच्या पूर्वजांत वाढवण्यासाठी गाटा-१ हे आणखी एक झिंक फिंगर प्रथिन एका जागी बसते. औषधातली कात्री गाटा-१ची ती बसायची जागा तोडते. गाटा-१ बसत नाही, बीसीएल११ए कमी पडते, पोटातल्या बाळाचे ते हिमोग्लोबिन परत येते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ही कोण कुठे बसते याची गोष्ट आहे. पेशी शरीराबाहेर काढून बदलतात, परत देण्याआधी जोरदार केमोथेरपी देऊन हाडांतली मज्जा रिकामी करावी लागते, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा कोटींच्या घरात. घरच्यांना हेही सांगता आले पाहिजे, उगाच आशा न लावता.

‘जुनी तंत्रे आता कोण वापरतो?’ असे एका सदस्यांनी मागे एका कार्यशाळेत विचारले होते. उत्तर द्यायला तेव्हा वेळ मिळाला नाही, आता देते. नेहमीचे कॅस९ १,३६८ अमिनो आम्लांचे आहे. जनुके पेशीत पोचवायला जो एएव्ही विषाणू वापरतात त्यात साधारण ४,७०० अक्षरे मावतात. कॅस९चे जनुक एकटेच चार हजारांवर जाते. सहा झिंक फिंगर मात्र साडेपाचशे-सहाशे अक्षरांत बसतात. म्हणून २०२४ मध्ये प्रायॉन प्रथिन (घडी बिघडली की मेंदूचा जीवघेणा आजार करणारे) मेंदूत बंद करणारे जे साधन उंदरांवर दाखवले गेले, त्यात झिंक फिंगर निवडले होते. डीएनए न कापता, फक्त त्याच्यावर रासायनिक खुणा करून, मेंदूतले प्रायॉन प्रथिन ८० टक्क्यांहून जास्त घटले. दुसरे ठिकाण मायटोकॉन्ड्रिया. त्यात स्वतःचा १६,५६९ अक्षरांचा डीएनए असतो आणि त्यातल्या एकेका अक्षराच्या चुकीने आजार होतात. क्रिस्परचा आरएनए तिथे भरवशाने आत जात नाही. टेल प्रथिन जाते. २०२० मध्ये टेलला एका जिवाणूचे एन्झाइम दोन भागांत तोडून जोडले गेले आणि मायटोकॉन्ड्रियातले अक्षर बदलता आले. परीक्षेत हाच प्रश्न विचारा ना: मायटोकॉन्ड्रियातले एक अक्षर बदलायचे आहे, तुम्ही काय निवडाल आणि का? तक्ता पाठ करणारा तिथे क्रिस्पर लिहील.

आता प्रात्यक्षिक. महागडी किट मागत नाही, कारण ती मंजूर झाली तरी येईपर्यंत वर्ष संपते. लॅक ऑपेरॉन, म्हणजे जिवाणूतला लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांचा गट, आपण पहिल्या वर्षापासून फळ्यावर काढतो. ब्लू-व्हाइट स्क्रीनिंगसाठी आयपीटीजी हे लॅक्टोजसारखे रसायन बहुतेक प्रयोगशाळांच्या फ्रीझरमध्ये असते. ते प्लेटमध्ये घालताना मुले एक प्रथिन डीएनएवरून उठवत असतात, पण तसे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. लॅक रिप्रेसर हे १९६६ मध्ये गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी वेगळे केलेले, डीएनएवर बसून ती जनुके बंद ठेवणारे प्रथिन आहे. माझी सूचना अशी: साध्या, लॅक्टोज पचवणाऱ्या ई. कोलायच्या चार नळ्या घ्या. ग्लिसरॉलवर वाढवा. एकीत काहीच नाही, दुसरीत आयपीटीजी, तिसरीत लॅक्टोज, चौथीत लॅक्टोज आणि ग्लुकोज. टोल्युइनच्या थेंबाने पेशी सैल करा, ओएनपीजी (लॅक्टोज तोडणाऱ्या एन्झाइममुळे पिवळे होणारे रसायन) घाला, पिवळा रंग आला की सोडियम कार्बोनेटने थांबवा आणि कलरिमीटरवर ४२० नॅनोमीटरचा फिल्टर लावून वाचा. दुसऱ्या नळीचा पिवळेपणा म्हणजे रिप्रेसर उठला. चौथी फिकी राहते, कारण ग्लुकोज असताना लॅक्टोज पेशीत नीट शिरू दिले जात नाही आणि जनुकाला जोर देणारे कॅप हे दुसरे प्रथिनही तिथे बसत नाही. दोन प्रथिनांचे बसणे-उठणे एका दुपारच्या बॅचमध्ये आकड्यांत दिसते. लाइट गेली तर? आमच्याकडे जाते. पण अभिक्रिया वॉटर बाथमध्ये चालते आणि पाणी काही लगेच गार होत नाही.

याला जोडून एक तासिका टेट पद्धतीला द्यावी. १९९२ मध्ये गोसेन आणि बुयार्ड यांनी जिवाणूतल्या टेट रिप्रेसरला विषाणूतला जनुक चालू करणारा तुकडा जोडला. टेट्रासायक्लिन दिले की प्रथिन डीएनएवरून उठते, जनुक बंद. काही वर्षांत त्याची उलटी आवृत्तीही आली, डॉक्सिसायक्लिन दिले की बसणारी. विट्यातल्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणारी गोळी उंदराच्या पिण्याच्या पाण्यात घालून संशोधक एखादे कर्करोगाचे जनुक हवे तेव्हा चालू आणि बंद करतात. त्या जनुकावर गाठ किती अवलंबून आहे, बंद केल्यावर ती विरते का, हे तसे कळते. जैववैद्यकीय संशोधनात रोज राबणाऱ्या या साधनाचा मसुद्यात उल्लेख नाही. का नाही, ते मला खरेच समजलेले नाही.

हे सगळे तीन तासिकांत बसणार नाही, हे मान्य. मला आठ हव्यात. त्या कुठून काढायच्या तेही सांगते: याच सत्रात ‘जैवतंत्रज्ञानाची व्याप्ती आणि महत्त्व’ हा भाग तिसऱ्यांदा येतो. पहिल्या वर्षी शिकवून झालेला, दुसऱ्या वर्षी उजळणी झालेला. तो काढला तर कुणाचेही नुकसान होणार नाही, गाइडवाल्यांचे सोडून.

नवे काही आले की शिक्षकांना प्रशिक्षण हवे, असा मुद्दा निघेल. हवेच. पण त्यासाठी पंचतारांकित कार्यशाळा नको. कऱ्हाड, सातारा, सांगली, विटा अशा चार ठिकाणी, एकेका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांनी स्वतः त्या चार नळ्या करून पाहाव्यात. प्रयोगशाळा सहायकांनाही बोलवावे. कलरिमीटरचा कोणता फिल्टर सैल आहे आणि कोणती पिपेट गळते, हे आमच्यापेक्षा त्यांनाच ठाऊक असते.

प्रात्यक्षिकाची सविस्तर कृती, द्रावणांची प्रमाणे आणि टेल लिहिण्याचे दहा सराव-शब्द मराठीत तयार करून मसुद्यावरील प्रतिसादासोबत महाविद्यालयामार्फत पाठवत आहे. अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात न टाकता कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि आटपाडी-जत भागातल्या एखाद्या शिक्षकाला त्या दिवशी निमंत्रित म्हणून बोलवावे, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
एक सहायक प्राध्यापिका, जैवतंत्रज्ञान
विटा, जि. सांगली